खिडकीसमोरची नारिंगी होडी

आमच्या ह्यांना सगळे लिफ्टवाले म्हणतात. उभा जन्म त्यांनी अडकलेल्या लिफ्ट सुरू करण्यात घालवला, पण कामाशिवाय ते लिफ्टमध्ये चढलेले मी कधी पाहिले नाहीत. कोणाकडे जायचं असलं की मी लिफ्टने, हे जिन्याने. मी वर पोचून, केस सारखे करून, घरच्यांची ख्यालीखुशाली विचारून पाणी पीत बसले की हे दारात धापा टाकत उभे. कोणी कारण विचारलं तर म्हणायचे, "मला तिचे सगळे आजार माहीत आहेत ना, म्हणून." लोक हसायचे. मीही हसायचे. लग्न नवं होतं तोवर मनापासून, पुढे सवयीने.

कामात मात्र त्यांची एक तऱ्हा होती. लिफ्टमध्ये कोणी अडकलंय असा निरोप आला की दुसरे मेकॅनिक आधी वरच्या यंत्रखोलीत धावायचे. हे आधी दारापाशी जायचे. दाराच्या फटीला तोंड लावून आतल्या माणसाला सांगायचे, "मी आलोय. थोडा वेळ लागेल, पण मी सांगितल्याशिवाय इथून हलणार नाही." मग विचारायचे, "आज तुमच्याकडे जेवायला काय आहे?" आतला माणूस आधी चिडायचा, मग सांगायला लागायचा. त्याचं सांगून झालं की हे म्हणायचे, "आता मी वर जातो, दोन मिनिटं आवाज येणार नाही, घाबरायचं नाही." एकदा मी सोबत होते. इमारतीतले लोक खाली उभे राहून वैतागले होते, बाई आत गुदमरतेय आणि हा माणूस स्वयंपाकाची चौकशी करतोय. खरं सांगते, मलाही लाज वाटली होती.

मी स्वतः फ्रीज आणि वॉशिंग मशीन विकणाऱ्या एका कंपनीच्या तक्रार खिडकीत बसायचे. निवृत्त होईपर्यंत तिथेच बसले. माणूस तोंड उघडायच्या आत तो काय बोलणार हे मला कळतं, असा माझा दावा होता आणि तो मी कोणालाही, कधीही, न विचारता सांगत असे. आमच्या खिडकीचे काही अलिखित नियम होते. जो ओरडतो त्याचं काम शेवटी. कोणालाही रिकाम्या हाताने पाठवायचं नाही, काम झालं नसलं तर निदान कंपनीचं नाव छापलेली पाण्याची बाटली द्यायची. माझ्या पायाशी बाटल्यांचं खोकंच असायचं. आणि आजाराचं कारण कोणी सांगितलं तर मान हलवायची, पण मनावर घ्यायचं नाही. कारण फ्रीज बिघडला की दर दुसऱ्या घरात सासरे आजारी पडायचे आणि त्यांची औषधं नेमकी फ्रीजमध्ये असायची. आम्ही आपसांत त्या कारणाला 'सासरे' असंच म्हणायचो. "काय गं, काय म्हणत होता तो?" "काही नाही, सासरे."

तर अशी मी हुशार बाई. दोघंही घरी बसल्यावर मला एकच हौस उरली होती, जहाजाची सफर. खरं म्हणजे हौस जहाजाची नव्हतीच, ती जाऊबाईंच्या पायांमुळे लागलेली होती. जाऊबाई आदल्या वर्षी क्रूझवर जाऊन आल्या आणि तिथून त्यांनी एक फोटो पाठवला होता. केबिनची बाल्कनी, कठड्यावर टेकवलेले त्यांचे दोन पाय आणि पुढे नुसता समुद्र. चेहरा नाही, काही नाही. पण ते पाय इतके सुखी दिसत होते की मला माझ्या पायांची कीव आली.

मी माहिती काढायला लागले. लोकांचे अनुभव वाचले, व्हिडिओ पाहिले आणि महिन्याभरात स्वतःला त्यातली तज्ज्ञ ठरवून मोकळी झाले. केबिनचे प्रकार असतात. आतली म्हणजे बिनखिडकीची, मग खिडकीची, मग बाल्कनीची. खिडकीची स्वतः निवडून घ्यायची असती तर तेवढं आम्हाला झेपलं असतं. पण एक खुबी असते. आपण केबिन निवडायचीच नाही, 'तुम्ही द्याल ती' असं सांगून सगळ्यात साधं तिकीट काढायचं. बऱ्या खोल्या रिकाम्या राहिल्या की कंपनी आपणहून आपल्याला वर चढवते. त्याला अपग्रेड म्हणतात. साधी माणसं खोली निवडून बसतात, जाणकार माणसं अपग्रेडची वाट बघतात, असं मी मुलीला फोनवर समजावून सांगितलं. ती म्हणाली, "आई, बाबांना विचारलंस का?" मी म्हटलं, "त्यांना काय कळतंय त्यातलं?" जाऊबाईंना तर मी छातीठोकपणे कळवलं की आम्हाला बाल्कनी मिळतेय.

आम्हाला आतली केबिन मिळाली.

लांबच लांब बोळ, दोन्ही बाजूंना सारखी दारं आणि त्यातलं एक आमचं. आत पलंग, आरसा, एक टेबल आणि आंघोळ करताना कोपर कुठे ठेवायचं हा प्रश्न पडेल एवढी न्हाणी. जिथे खिडकी असायला हवी तिथे पडदा लावलेला होता. मी उत्साहाने तो सारला, तर मागे भिंत. मला हसू आलं. हे हसले नाहीत. त्यांनी पडद्यामागच्या भिंतीवर तळहात ठेवला, मग दार उघडून पाहिलं, लावून पाहिलं, परत उघडून पाहिलं. मी म्हटलं, "बिजागऱ्या काय तपासताय, सामान काढा." आले आणि निमूटपणे सामान काढायला लागले.

टीव्हीवर एक वाहिनी होती, तिच्यावर जहाजाच्या टोकाला लावलेल्या कॅमेऱ्यातून दिवसभर समुद्र दाखवायचे. मी ती लावली आणि म्हटलं, "ही बघा आपली खिडकी." मग सुचलं ते सांगायलाही लाज वाटते. मी पलंगावर आडवी पडले, पाय टेबलावर टेकवले, टीव्हीतला समुद्र मागे येईल असा फोटो काढला आणि जाऊबाईंना पाठवून दिला. थोड्या वेळाने त्यांचं उत्तर आलं, "छान. पण समुद्राच्या खालच्या कोपऱ्यात कंपनीचं नाव आणि लाल दिवा कसला गं?"

मी तडक खाली गेले. मधल्या मोठ्या दालनात काचेचं झुंबर, त्याच्याखाली पाहुण्यांच्या मदतीचा काउंटर, आणि काउंटरमागे एक मुलगी. गळ्यात रुमाल, केस घट्ट बांधलेले. मी तक्रार मांडली. ती लगेच म्हणाली, "तुमची अडचण मी समजू शकते, मॅडम." ते वाक्य माझं होतं. पुढे ती म्हणाली, "जहाज या फेरीला पूर्ण भरलेलं आहे, पण मी तुमची नोंद घेऊन ठेवते." हेही माझंच. बोलताना ती संगणकाच्या पडद्याकडे बघून काहीतरी टाइप करत होती, आणि मला पक्कं ठाऊक होतं की ती काही टाइप करत नाहीये, कारण मीही तेच करायचे. शेवटी ती खाली वाकली आणि तिने फळांची एक टोपली वर ठेवली. "आमच्याकडून छोटीशी भेट." आयुष्यभर ज्या बाटल्या मी लोकांच्या हातात कोंबल्या, त्या सगळ्या परत आल्या असं मला वाटलं. टोपली घेऊन मी वर आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी जाग आली तेव्हा हे जागेवर नव्हते. लवकर उठले असतील, म्हणून मी कूस बदलली. तिसऱ्या दिवशीही तेच. आमची खोली आवरायला एक हसरा माणूस यायचा. टॉवेलचे ससे नि हत्ती करून पलंगावर मांडून ठेवायची त्याला आवड. त्या दिवशी चादर ओढता ओढता तो म्हणाला, "साहेबांची बाजू मला आवरावीच लागत नाही. जशी घालतो तशीच असते." मी विनोद समजून हसले. तो गेल्यावर त्या चादरीकडे बघत बसले. उशी फुगलेली, चादर गादीखाली घट्ट खोचलेली. तिथे कोणी झोपलेलंच नव्हतं.

हे मला सगळ्यात वरच्या डेकवर सापडले. आरामखुर्चीत बसलेले, अंगावर कोट, मांडीवर जहाजाचं ब्लँकेट, डोळे लाल. मी आधी भांडलेच. पैसे भरून पलंग घेतलाय आणि इथे खुर्चीत झोपताय, लोक काय म्हणतील, सर्दी होईल. ते ऐकून घेत होते. मग म्हणाले, "झोपलो नाही गं. झोप लागत नाही."

"खोलीत लागत नाही?"

"खोलीत तर श्वासच घेता येत नाही."

मग त्यांनी सांगितलं. समुद्राकडे बघत सांगितलं, माझ्याकडे बघून नाही. कामाला लागले त्या वर्षीची गोष्ट. एका बंद पडलेल्या इमारतीत लिफ्टच्या आत बसून ते बटणांचं काम करत होते. घंटेची तारही त्यांनीच सोडवून ठेवली होती. वरच्या यंत्रखोलीतल्या जोडीदाराने वीज बंद केली आणि आत माणूस आहे हे विसरून तो जेवायला गेला. तिथून त्याला दुसऱ्या कामावर बोलावणं आलं. संध्याकाळ होईपर्यंत हे अंधारात. "आधी ओरडलो. मग दार बडवलं. मग ओरडायलाही सुचेना. मला बाहेर नसतं काढलं तरी चाललं असतं. कोणीतरी दारापाशी येऊन 'मी आहे इथे' एवढं सांगायला हवं होतं."

मी विचारलं, "मग दुरुस्ती झाल्यावर लिफ्ट चालवून कोण बघायचं?"

"मीच. दार अर्धं उघडं ठेवून एक मजला. मग खाली उतरून पाणी प्यायचो."

आमच्या बेडरूमच्या पडद्यावरून आमचं जितकं भांडण झालं तितकं दुसऱ्या कशावरून झालं नसेल. मी पडदा लावायचे, हे सारायचे. रस्त्यावरचा दिवा माझ्या डोळ्यांवर यायचा. मी म्हणायचे, "मुद्दाम करता." ते म्हणायचे, "असू दे गं, बाहेरचं दिसतं." मला वाटायचं हा हट्ट आहे. जगाच्या तक्रारी ऐकून घेणारी बाई मी, आणि माझ्या घरातली एकुलती एक तक्रार रोज रात्री पडद्याच्या कड्यांमधून ऐकू येत होती, ती मी ऐकली नाही. मला त्यांचा राग आला, की इतकी वर्षं सांगितलं नाही. त्याहून जास्त माझा राग आला. आणि रडू आलं, ते मी डोळ्यांत वारा जातोय असं म्हणून निभावून नेलं.

मी उठले, म्हटलं, "चला खाली, सांगू त्या मुलीला."

त्यांनी माझा हात धरला. "नको. कोणाला सांगायचं नाही. लिफ्टवाला आहे मी. हसतील लोक."

"मग उरलेले दिवस काय करणार?"

"उद्या बंदर येतंय. मी तिथे उतरतो. विमानाने घरी जातो. तू पुढे जा. तुझी हौस आहे."

त्यांचं ठरलं होतं. ते एकदा ठरवलं की आवाज न चढवता ठरवतात, त्यामुळे भांडायला जागाच राहत नाही. मला माझ्या पायांचा फोटो डोळ्यांसमोर दिसायला लागला, एकटीचा.

मी परत काउंटरवर गेले. आता काम फोटोचं नव्हतं, ह्यांना जहाजावर ठेवायचं होतं आणि हातात फक्त तो एक दिवस होता. खरं कारण सांगायची मला बंदी. आणि बंदी नसती तरी मी सांगितलं नसतं, हेही तितकंच खरं. कारण सांगितलं की ती मान हलवणार आणि मनात म्हणणार, सासरे. हे मला तिच्यापेक्षा चांगलं माहीत होतं. म्हणून मी धंद्यातलं डोकं लावलं. मी म्हटलं, आमच्या लग्नाचा वाढदिवस आहे. तिने अभिनंदन केलं आणि केकचा तुकडा पाठवते म्हणाली. मी म्हटलं, माझा भाचा वर्तमानपत्रात आहे. तिने विचारलं, कुठल्या, आणि मला एकाचंही नाव आठवेना. जेवणानंतर पुन्हा गेले आणि म्हटलं, शेजारच्या केबिनमधला माणूस फार घोरतो. तिने पडद्यावर पाहिलं आणि हळूच म्हणाली, "शेजारची केबिन रिकामी... म्हणजे, तिथे चादरी ठेवतात, मॅडम." घोरण्याचा आवाज बहुधा माझाच असणार, हे तिने बोलून दाखवलं नाही.

दर खेपेला मात्र काही ना काही हातात पडत होतं. केकचा तुकडा आला. कानात घालायचे बोळे आले. मालिशची सवलत आली. फुगे आले, लग्नाच्या वाढदिवसाचे. खोली आवरणाऱ्याने टॉवेलचे दोन हंस चोची जुळवून ठेवले. मुळात एवढीशी खोली, ती माझ्या पदरात पडलेल्या भेटवस्तूंनी आणखीच लहान झाली. हे कपडे बदलायला आले, तर पलंगावर हंस, खुर्चीवर टोपली, छताला फुगे. त्यांनी दारातूनच सगळीकडे नजर फिरवली, बाहेर बोळात उभं राहून शर्ट बदलला आणि म्हणाले, "अगं, ती फळं संपव. खराब होतील." मग उघड्या दाराला पाय लावून त्यांनी स्वतःची लहान बॅग भरायला घेतली.

ती बॅग बघून माझी उरलीसुरली हुशारी संपली. मी पुन्हा खाली गेले. रांग होती. आपला नंबर आला की रडायचं, असं मी ठरवून टाकलं. रडणाऱ्या बाईला आमच्याकडे निदान खुर्ची तरी मिळायची. माझा नंबर आला. मुलीने मला पाहिलं आणि तिचे खांदे जरासे पडले. तिचा हात आपोआप काउंटरखाली गेला.

मी म्हटलं, "मला फळं नकोत."

तिने हात वर घेतला. आवाज खाली आणून म्हणाली, "मॅडम, तुम्ही इतक्यांदा आलात. एकदा मला खरं काय ते सांगाल का?"

आता आली का पंचाईत. खोटं सांगायला मी तयार होते, खरं सांगायची माझी तयारी नव्हती. माझं तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. मागच्या माणसाने घड्याळ बघितलं.

तेवढ्यात माझ्या बाजूने कोणीतरी पुढे आलं. हे होते. हातात ती लहान बॅग. उद्या सकाळी उतरायला काय करावं लागतं, ते विचारायला आले होते, हे मला नंतर कळलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, माझं उघडं तोंड पाहिलं. रांगेकडे पाहिलं. मग बॅग खाली ठेवली.

"ती नाही सांगणार," ते म्हणाले. "मीच सांगू नको म्हटलंय. मला बंद खोलीत भीती वाटते. खिडकी नसली की श्वास कोंडतो. आलो त्या दिवसापासून झोपलेलो नाही." मग थांबून, कोणी विचारलेलं नसताना, त्यांनी पुढचंही सांगितलं. "मी लिफ्ट दुरुस्त करायचो."

मागे कोणीतरी खुसकन हसलं. ह्यांचे कान लाल झाले. आज सकाळपर्यंत उभ्या जन्मात जे त्यांनी बायकोलाही सांगितलं नव्हतं, ते परक्यांच्या रांगेत, झुंबराच्या लखलखाटात बोलून टाकलं होतं. मला त्या हसणाऱ्याच्या डोक्यावर टोपली उपडी करावीशी वाटली. पण हलले नाही. त्यांच्या शेजारी उभी राहिले आणि एवढंच म्हटलं, "मी इथेच आहे."

मुलगी हसली नाही. तिने मानही हलवली नाही. ती पडद्याकडे वळली आणि या वेळी खरंच टाइप करायला लागली, ते मला बोटांवरून कळलं. मग आत गेली. बराच वेळ गेला. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात खोलीचं कार्ड होतं.

"बाल्कनीची नाही मिळणार," ती ह्यांना म्हणाली. "खिडकीची एक आहे. पण खिडकीच्या बरोबर समोर लाइफबोट टांगलेली आहे, काका. समुद्र दिसत नाही म्हटलं तरी चालेल. तिथे ज्याला पाठवलं तो परत इथे भांडायला आला, म्हणून आम्ही या फेरीला ती कोणाला दिलीच नाही."

मी सवयीप्रमाणे तोंड उघडलं. ह्यांनी विचारलं, "होडी कशावर टांगलीये? तारेवर?"

"हो, तारेवर. मोटर असते."

"मग चालेल," हे म्हणाले.

नव्या खोलीत गेलो. पडदा सारला, तर या वेळी मागे खरोखरची काच, आणि काच भरून एक भली मोठी नारिंगी होडी. वर बोटभर आकाश, खाली टाचेएवढा समुद्र. मी कपाळावर हात मारला. हे काचेला नाक लावून उभे राहिले. कप्पी कुठे आहे, तार कुठून कुठे गेलीये, ब्रेक कुठल्या बाजूला असणार, ते मला दाखवत होते. "ग्रीस ताजं आहे," म्हणाले, "नीट काळजी घेतात." मी पडद्याला हात लावला नाही. मी न्हाणीतून तोंड धुऊन येते तो हे पलंगावर आडवे, बूट पायातच, तोंड खिडकीकडे. घोरत होते. ऐन दुपारी, अंगावर सगळा उजेड घेऊन ते जे झोपले, ते रात्रीच्या जेवणाची वेळ टळली तरी उठले नाहीत. त्यांची बॅग मी उघडली आणि कपडे परत कपाटात लावले.

मग माझे पाय खिडकीवर टेकवून मी फोटो काढला. दोन पाय आणि मागे नारिंगी भिंत. जाऊबाईंना पाठवला. त्यांनी विचारलं, "हे काय आहे?" मी लिहिलं, "अपग्रेड."

आणि मग मी काय केलं, तर खाली जाऊन पुन्हा त्या रांगेत उभी राहिले. मुलीने मला लांबूनच पाहिलं. तिचा चेहरा पार उतरला. माझा नंबर येईपर्यंत तिने टोपली वर काढूनसुद्धा ठेवली होती.

"होडीबद्दल ना, मॅडम?" ती म्हणाली. "मी आधीच सांगितलं होतं..."

"तक्रार नाही," मी म्हटलं. "ते झोपले. एवढंच सांगायला आले."

तिने पडद्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. असं काही कोणी सांगायला आलं तर ते टाइप कुठे करायचं, याची सोय नसते. आमच्याकडेही नव्हती. इतक्या वर्षांत माझ्या खिडकीवर येऊन कोणी म्हटलं नव्हतं, बाई, फ्रीज गार झाला. काय करावं ते न सुचून तिने सवयीने टोपली माझ्याकडे सरकवली. मी ती परत तिच्याकडे सरकवली.

मी विचारलं, "तुला ते खरं कसं वाटलं? मला नसतं वाटलं."

तिने आधी माझ्या मागच्या रांगेकडे पाहिलं. मग बारीक आवाजात म्हणाली, "आम्हा कर्मचाऱ्यांच्या खोल्या खाली असतात, काकू. पाण्याच्या पातळीच्याही खाली. खिडकी कोणालाच नाही. नवीन होते तेव्हा मी दार उघडं टाकून झोपायचे, तर खोलीतली दुसरी मुलगी ओरडायची. आता लावते दार. पण झोप अजून लागत नाही." आणि लगेच सावरून, गळ्यातला रुमाल सारखा करून म्हणाली, "आणखी काही मदत करू शकते का, मॅडम?"

मागे रांग वाढली होती. घड्याळ बघणारा तो माणूस याही वेळी होता. मी दोन्ही कोपरं काउंटरवर टेकवली आणि तिला विचारलं, "आज तुमच्याकडे जेवायला काय आहे?"

ती आधी गोंधळली, मग सांगायला लागली. मी तिचं सगळं सांगून होईपर्यंत तिथून हलले नाही.